माळ्यावरच्या पिस्तुलाची पत्रिका

प्रत्येक जुन्या घरात एक शस्त्र असतं आणि त्या शस्त्राला नेमून दिलेले एक काका असतात. शस्त्र गंजतं. काका गंजत नाहीत.

आमच्याकडचं शस्त्र म्हणजे वीतभर नळीचं एक सहाबारी. वर्षभर ते माळ्यावर पितळी डब्यांच्या मागे, जुन्या धोतरात गुंडाळलेलं असतं. खंडेनवमीला खाली उतरतं, विळी, कोयता आणि शिवणयंत्राच्या रांगेत पाटावर बसतं, हळद-कुंकू-झेंडू घेतं आणि परत वर जातं. ते पाटावर असेपर्यंत थोरले काका त्याचा इतिहास सांगतात. पणजोबांनी सत्तावन्न साली कानपूरला एका गोऱ्या साहेबाच्या हातातून ते हिसकावलं. दरवर्षी साहेबाला बढती मिळते. माझ्या लहानपणी तो लेफ्टनंट होता, आता कर्नल झाला आहे. काकांना उदंड आयुष्य लाभो. गव्हर्नर जनरल फार दूर नाही.

अशी पिस्तुलं ओळखायचं आणि त्यांचं वय काढायचं रीतसर शास्त्र आहे. ते मी काकांच्या नकळत शिकलो. ज्यांच्या माळ्यावर असंच काही असेल, त्यांच्यासाठी ही सोपी रीत.

साहित्य: एक भिंग, एक टॉर्च, जुनं सुती कापड, शिवणयंत्राचं तेल, इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याचा व्हर्नियर कॅलिपर, एक वही. काका एक, पण दुसऱ्या खोलीत.

पहिली पायरी: भरलेलं नाही ना, ते बघा

हसू नका. या पिस्तुलांना काडतूस नसतं. ही ठासणीच्या बंदुकीची धाकटी भावंडं. चक्राच्या प्रत्येक घरात पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांडीने ती दाबून बसवायची. एकदा बसलेली गोळी सहजी बाहेर येत नाही, उडवली तरच जाते. त्यामुळे पणजोबांनी भरून ठेवलेलं पिस्तूल पणतूच्या हाती भरलेलंच येऊ शकतं. कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांनीही सेवानिवृत्त झालेली नसते.

तेव्हा नळीत डोळा घालू नका. घोडा ओढून बघू नका. भाच्याला ‘हात वर कर’ म्हणून फोटो काढू नका. पिस्तुलाचं तोंड रिकाम्या भिंतीकडे ठेवा आणि बाजूने टॉर्च मारून चक्राची घरं बघा. तळापर्यंत मोकळी दिसली तर ठीक. आत करडं, गुळगुळीत काही दिसलं तर ते शिसं. मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी अडकलेली दिसली तर तेही तितकंच वाईट. यापैकी काहीही दिसलं तर पिस्तूल आहे तिथेच राहू द्या, पोलिसांना कळवा आणि उरलेला लेख नंतर वाचा.

कायदाही याच पायरीवर उरकून घ्या. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. अट एवढीच, की ते दुरुस्त करूनही झाडता येता कामा नये. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द दोनदा वाचा. आपलं पिस्तूल त्यात बसतं की नाही हे काकांनी नाही, परवाने देणाऱ्या कचेरीने ठरवायचं असतं. आमच्या पिस्तुलाचा घोडा मोडलेला, कमान गेलेली आणि चक्र आसाला धरून बसलेलं आहे. कचेरीतल्या साहेबांनी ते टेबलावर उलटंपालटं करून पाहिलं आणि ‘याने डास मरणार नाही’ असा तोंडी अभिप्राय दिला. काकांनी तो मनाला लावून घेतला.

शस्त्र शंभर वर्षांहून जुनं असेल, तर १९७२च्या पुराणवस्तू कायद्यामुळे ते परदेशी पाठवता येत नाही. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला ‘घरची आठवण’ म्हणून देण्याचा बेत इथेच संपला.

दुसरी पायरी: टोपीचं की काडतुसाचं?

चक्राच्या मागच्या बाजूला बघा. घरं आरपार असतील, तर ते काडतुसाचं. या लेखाचा विषय नाही. घरांना मागून भिंत असेल आणि प्रत्येक भिंतीतून एकेक पोकळ बोंड बाहेर आलेलं असेल, तर ते टोपीचं, म्हणजे पर्कशन रिव्हॉल्व्हर. त्या बोंडाला निपल म्हणतात. त्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा पडला की टोपीतला मसाला पेटतो आणि ठिणगी बोंडातून आतल्या दारूपर्यंत जाते. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवलेल्या माणसाला याहून जास्त समजावायची गरज नाही.

या टिकलीचा आद्य पुरुष एक पाद्री होता. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्सिथ. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी आधी दिसते आणि तेवढ्यात पक्षी उडून जातात, या वैतागातून त्याने ठोक्याने पेटणारा मसाला बंदुकीला जोडला आणि १८०७ साली पेटंट घेतलं. तांब्याची टोपी पुढची. तिच्या जोरावर सॅम्युएल कोल्टने फिरत्या चक्राचं पिस्तूल चालतं केलं. अमेरिकेतलं पेटंट २५ फेब्रुवारी १८३६चं, पहिला कारखाना न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा. (चुलतभावाला हे जरूर कळवा. बदल्यात काही पाठवू नका.)

शेवटची तारीखही ढोबळमानाने ठरलेली आहे. आरपार घरांच्या चक्राचं पेटंट १८५५ साली रोलिन व्हाइटने घेतलं आणि स्मिथ अँड वेसनने ते १८६९पर्यंत घट्ट धरून ठेवलं. ते सुटल्यावर अमेरिकेतले बाकीचे कारखानेही काडतुसाकडे वळले. म्हणजे टोपीच्या रिव्हॉल्व्हरची उमेदीची वर्षं १८३६पासून १८७०च्या आसपासपर्यंत. लग्न जुळवायला एवढी माहिती पुरते. पत्रिकेसाठी अजून खोलात जावं लागेल.

तिसरी पायरी: घासू नका

नवशिक्या माणसाला भिंग हातात घेण्याआधी घासणी हातात घ्यावीशी वाटते. ती काढून घ्या. पॉलिश पेपर, तारेची घासणी, चिंच, लिंबू, राख यांतलं काहीही पिस्तुलाला लावायचं नाही. तपकिरी पडलेलं पोलाद हा त्याच्या वयाचा दाखला आहे, आणि ज्या ठशांवरून वय काढायचं ते कागदाच्या जाडीइतकेच खोल असतात. तेलाचा एक थेंब, सुती कापड आणि संयम एवढंच वापरा.

आमच्या आत्याने एका दसऱ्याला पितळी चापकडं चिंचेने घासून समईसारखं लखलखीत केलं. ते आता इतकं नवं दिसतं की बाकीचं पिस्तूल त्याच्याकडे संशयाने बघतं.

चौथी पायरी: अंगकाठी बघा

आता पिस्तूल बाजूने बघा. चक्राच्या वरून पोलादाची पट्टी गेली आहे की आभाळ मोकळं आहे?

मोकळं असेल तर घराणं कोल्टचं. या घडणीत नळी वेगळी असते आणि चक्राच्या आसाला ती एका पाचरीने धरलेली असते. चक्क सुताराची पाचर. पंचतंत्रातलं माकड आणि नवशिका संग्राहक यांना एकाच वस्तूचा मोह पडतो. पाचर गंजलेली असेल तर ठोकू नका. माकडाचं काय झालं ते आठवा.

पट्टी असेल आणि नळी, पट्टी, सांगाडा सगळं एकाच तुकड्यातून घडवलेलं असेल, तर लंडनचा रॉबर्ट अ‍ॅडम्स. त्याचं पेटंट १८५१चं. त्याच वर्षीच्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात कोल्ट आणि अ‍ॅडम्स दोघांनीही आपापला माल मांडला होता. त्या दोघांचं भांडण शस्त्रप्रेमी लोक अजून मिटू देत नाहीत.

अ‍ॅडम्सचं वय ओळखायची युक्ती सोपी आहे: घोड्याला शेंडी आहे का बघा. शेंडी म्हणजे अंगठ्याने घोडा मागे ओढायचा उंचवटा. पहिल्या अ‍ॅडम्सला ती नव्हती. चाप दाबला की घोडा आपोआप उठे आणि पडे. १८५६ साली बोमंट नावाच्या लेफ्टनंटने सुधारणा केली. आता घोडा अंगठ्यानेही उठवता येऊ लागला आणि त्याला शेंडी आली. म्हणजे शेंडी नसेल तर बहुधा छप्पनच्या आधीची घडण, आणि असेल तर छप्पननंतरची. मुंजीचा हिशेब याच्या उलट असतो, गोंधळू नका.

एकाखाली एक असे दोन चाप दिसले, तर बर्मिंगहॅमचा विल्यम ट्रँटर. खालचा चाप ओढला की चक्र फिरतं आणि घोडा उठतो, वरचा दाबला की बार होतो.

घरंही मोजा. कोल्टचा ‘नेव्ही’ नावाचा नमुना सहाबारी, अ‍ॅडम्स पाचबारी. ‘सहाबारी’ म्हणून तीन पिढ्या मिरवलेलं पिस्तूल पाचच घरांचं निघाल्याने भावकीत बोलणं बंद झाल्याचं उदाहरण मला ठाऊक आहे.

आमचं? सहा घरं, वर आभाळ मोकळं, पाचर जागेवर. कोल्टची नेव्ही. काकांना हे मी लगेच सांगितलं. लगेच सांगायला नको होतं.

पाचवी पायरी: गोळी तोला

कॅलिपर नळीच्या तोंडाशी लावा. अमेरिकन माणूस नळीचं तोंड इंचात सांगतो. नेव्हीचं असतं ०.३६ इंच. इंग्रज वेगळ्या हिशेबाने सांगतो: एक पौंड शिशाच्या किती गोळ्या? ‘५४ बोअर’ म्हणजे पौंडात चोपन्न, आणि नळी ०.४४ इंचांची. आकडा वाढला की गोळी लहान होते. वाण्याकडे नारळ किलोवर मिळत असते, तर हा हिशेब आपल्याला सहज कळला असता.

आपल्या मापात सांगायचं तर ५४ बोअरच्या एका गोळीला जवळजवळ पाऊण तोळा शिसं लागतं. नेव्हीच्या गोळीला अर्ध्या तोळ्याहूनही कमी. हा फरक हिंदुस्थानात आलेल्या साहेबांनी फार मनावर घेतला. फॉसबेरी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे सांगितलेला किस्सा शस्त्रांच्या पुस्तकांत हमखास भेटतो. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत एका नेमबाज अधिकाऱ्याने चालून येणाऱ्या शिपायावर नेव्हीच्या गोळ्या झाडल्या. त्या लागल्याही, पण शिपाई थांबला नाही आणि त्याच्या तलवारीने अधिकाऱ्याचं डोकं दुभंगलं.

हा किस्सा काकांच्या कानावर जाऊ देऊ नका. आमच्याकडे गेला, आणि त्या खंडेनवमीपासून तो शिपाई म्हणजे पणजोबा.

सहावी पायरी: मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका

इथे नव्वद टक्के नवशिके पडतात. उरलेले आधीच पाचरीपाशी पडलेले असतात.

कोल्ट नेव्हीच्या चक्रावर जहाजांची लढाई कोरलेली असते आणि तिथे स्पष्ट अक्षरांत ‘१६ मे १८४३’ अशी तारीख असते. पिस्तूल १८४३चं नाही. ती टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोशी केलेल्या लढाईची तारीख आहे. नेव्ही बनू लागली ती १८५०च्या सुमारास. रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कारखान्याच्या पिस्तुलाच्या नळीवर ‘१४ सप्टेंबर १८५८’ असं लिहिलेलं असतं. ती पेटंटची तारीख. त्या नमुन्याची बहुतेक पिस्तुलं १८६३ ते १८७५मधली, तरी सगळं जग त्याला ‘अठ्ठावन्नचं रेमिंग्टन’ म्हणतं. शस्त्रावर कोरलेली तारीख ही पेढीच्या पाटीवरच्या ‘स्थापना’ या शब्दासारखी असते: पेढा त्या दिवशीचा नसतो.

पत्त्याचंही तेच. कोल्टचा मोठा कारखाना कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा, पण कितीतरी नेव्हींच्या नळीवर पत्ता न्यूयॉर्क शहराचा आहे. बदलापूरला राहून ‘आम्ही मुंबईचे’ म्हणण्याची रीत आपण शोधलेली नाही. लंडनचा पत्ता असेल तर मात्र नीट बघा. तिथे कोल्टने १८५३ ते १८५६ एवढीच वर्षं कारखाना चालवला, त्यामुळे त्या पत्त्याने वय चांगलंच आवळून मिळतं.

नाव असेल तर ते कुणाचं ते विचारा. इंग्रजी पिस्तुलांवर सर्वांत ठळक नाव पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं. ‘मॅन्टन, कलकत्ता’ असं वाचून पिस्तूल कलकत्त्यात घडलं असं समजू नका. खोक्यावर मिठाईवाल्याचं नाव असतं. खवा कुठून आला ते खोकं सांगत नाही.

सातवी पायरी: बारीक ठसे वाचा

खरं बोलतात ते तांदळाएवढे ठसे. ते मिरवायला मारलेले नसतात. युरोपात पिस्तूल विकण्याआधी सरकारमान्य परीक्षागृहात जादा दारू भरून झाडून बघत. फुटलं नाही तर ठसा. लंडनचा ठसा मुकुटाखाली ‘जीपी’ आणि मुकुटाखाली ‘व्ही’. बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि त्यांच्या फटींत अक्षरं. अमेरिकेत बनून लंडनला विकलेल्या कोल्टवरही ब्रिटिश ठसा सापडतो, तेव्हा पत्ता न्यूयॉर्कचा आणि ठसा लंडनचा दिसला तर दचकू नका. त्याचा परदेशप्रवास झाला आहे, इतकंच.

तिसरा ठसा बेल्जियममधल्या लिएज गावचा: लंबगोलात ‘ई-एल-जी’, खाली चांदणी. १८९३पासून या लंबगोलावर मुकुट आला. लिएजची आणखी एक खूण म्हणजे ‘पेरों’, गावच्या चौकातला दगडी खांब. परीक्षकाचा हा ठसा १८५३पासूनचा. लिएजचे कारागीर फार हुशार. कोल्टची नक्कल ते कोल्टच्या परवानगीने करत आणि परवानगीशिवायही करत. त्यावर ‘कोल्ट ब्रेव्हेते’ असं मारत, म्हणजे ‘कोल्टचं पेटंट’. घाईत वाचणाऱ्याला पहिला शब्दच दिसावा, अशी सोय.

आमच्या चक्रावर मला काहीच दिसत नव्हतं. गंज, तेल आणि काळोख. मग भिंग तिरपं धरलं आणि टॉर्च आडवा. एका घरापाशी लालसर कड उजळली. इतक्या खंडेनवम्यांचं कुंकू ठशाच्या रेघांत जाऊन बसलं होतं. बाहेरचं पुसलं गेलं, आतलं राहिलं. लाल लंबगोल, त्यात तीन लाल अक्षरं: ई, एल, जी. मुकुट नाही. नळीच्या मुळाशी लाल खांब. ज्या पूजेने कथा जिवंत ठेवली, तिनेच पुरावाही जपून ठेवला होता.

तर कोल्ट नाही, कोल्टची बेल्जियन मावसबहीण. खांब आहे म्हणजे १८५३नंतरची. मुकुट नाही म्हणजे १८९३च्या आधीची. नवशिक्याने इथे एक गोष्ट शिकावी: पिस्तुलाची जन्मतारीख बहुतेक वेळा एक दिवस नसते, दोन ठशांमधली ऐसपैस जागा असते. ज्योतिषीही एवढी सूट घेत नाहीत.

आठवी पायरी: नंबर जुळवा

जुनी स्कूटर घेताना इंजिन आणि चासी यांचे नंबर आरसी बुकाशी ताडून बघतात, तसंच. कोल्टचा एकच नंबर नळी, सांगाडा, चापकडं, चक्र, एवढंच काय पाचरीवरही असतो. सगळे जुळले तर पिस्तूल अखंड. नाही जुळले तर दोन-तीन पिस्तुलांची संयुक्त कुटुंबपद्धती. नंबरवरून वर्ष काढायचे तक्ते छापलेले आहेत, पण कारखाना आधी ओळखा. हार्टफर्डला सुमारे २ लाख १५ हजार नेव्ही बनल्या, लंडनला सुमारे ४२ हजार, आणि लंडनने मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. अ‍ॅडम्सच्या पेटंटच्या पिस्तुलांवर नंबरापुढे ‘आर’ अक्षर दिसतं.

आमच्यावर फक्त ‘२७’ आहे, तोही जोडणी करणाऱ्याच्या सोयीसाठी मारलेला. काकांच्या मते पणजोबांनी लोळवलेल्या माणसांचा आकडा.

नववी पायरी: नव्या म्हाताऱ्यांपासून सावध

ही पायरी परदेशातल्या आपल्या माणसांसाठी. रविवारच्या जुन्या बाजारात ‘सिव्हिल वॉरचं अस्सल’ म्हणून नेव्ही मिळाली, तर घासाघीस करण्याआधी नळी वाचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने परिसरात या पिस्तुलांच्या उत्तम नकला बनतात. त्यांच्यावर ‘फक्त काळी दारू’ अशी इंग्रजीत सूचना असते आणि एका चौकोनात वर्षाची खूण. ‘एए’ म्हणजे १९७५. लिंकनच्या काळातल्या कारागिराला ‘फक्त काळी दारू’ असं बजावायची गरज नव्हती, कारण दुसरी दारूच नव्हती.

दहावी आणि शेवटची पायरी: काकांना निकाल सांगणे

ही पायरी कुठल्याही पुस्तकात नाही.

मी वही घेऊन बसलो. म्हटलं, ‘काका, हे साहेबाचं दिसत नाही. बेल्जियमची नक्कल आहे. त्रेपन्न ते त्र्याण्णव, या चाळीस वर्षांतली कधीतरी.’

काकांनी बोटांवर हिशेब केला. ‘म्हणजे सत्तावन्न आलंच की त्यात!’

मग मी शेवटचं पान काढलं. धोतराच्या घडीत एक मोडी कागद होता. घरात तो ‘पणजोबांचं पलटणीतलं पत्र’ म्हणून ओळखला जायचा, कारण मोडी कुणालाच येत नव्हती. मी तो एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतला होता. शके १८०२, म्हणजे १८८०च्या सुमाराची गहाणाची चिठ्ठी. फिरतं पिस्तूल एक नग, रुपये अठरा, व्याजासह. पणजोबा सावकारी करत. दोनच वर्षांपूर्वी, १८७८ साली, सरकारने शस्त्र कायदा आणला होता. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हिंदी माणसाला अवघड झालं होतं. कुणीतरी ते आमच्या दारात आणून टाकलं आणि सोडवायला परत आलंच नाही.

काका बराच वेळ गप्प बसले. भिंग घेतलं, लाल अक्षरं बघितली, कागद उजेडाकडे धरला.

‘गहाण कुणी ठेवलं?’

‘नाव कडेला होतं. तिथे कागद फाटलाय.’

काकांचा चेहरा हळूहळू उजळला. ‘फाटलाय,’ ते म्हणाले, ‘की फाडलाय? कानपूरहून सुटून आलेला माणूस खरं नाव कशाला ठेवेल मागे?’

नवशिक्यांनी इथे भिंग पिशवीत घालावं, पिस्तूल धोतरात गुंडाळावं आणि माळ्यावर ठेवून यावं. धोतर नीट गुंडाळा. कुंकू सांडता कामा नये.